नबाब, बाजीराव आणि लाटसाहेब

वर्गांत नवा मॉनिटर नेमला, कीं आठ दिवसांच्या आंत मागल्या बांकावरून एक शेरा हटकून ऐकूं येतो, "स्वतःला मोठा बाजीराव समजतो!" आपण मराठी भाषेच्या एका समृद्ध भांडारांतून शब्द उचलीत आहों, याची त्या रागावलेल्या विद्यार्थ्यास कल्पनाही नसते. अंगीं नसलेल्या सत्तेचा तोरा मिरविणाऱ्या माणसास आपल्या भाषेनें किती नांवें ठेविलीं आहेत! बाजीराव, नबाब, लाटसाहेब, तीसमारखां, टिकोजीराव. गाड्याखालचें कुत्रें तर सर्वांच्या परिचयाचें आहे. गाडा बैल ओढीत असतात. त्याच्या सावलींतून चालणाऱ्या कुत्र्याला मात्र वाटतें, कीं आपल्याच बळानें हा चालला आहे.

यांपैकीं कांहीं शब्दांचें मूळ पाहिलें असतां मोठी मौज वाटते. 'नबाब' हा शब्द अरबी भाषेंतून फारशीच्या द्वारें आपल्याकडे आला. 'नायब' म्हणजे प्रतिनिधि. त्याच्या अनेकवचनापासून हा शब्द झाला. बादशहाच्या वतीनें प्रांताचा कारभार पाहणारा तो नबाब. 'लाट' हा 'लॉर्ड' या इंग्रजी शब्दाचा अपभ्रंश. इंग्रजी अमदानींत गव्हर्नर व व्हाइसरॉय यांस लोक लाटसाहेब म्हणत. आणि व्हाइसरॉय म्हणजे तरी काय? राजाचा प्रतिनिधिच. 'साहेब' या शब्दाचा अरबींतील मूळ अर्थ तर 'सोबती' असा आहे. राहिला बाजीराव. पहिल्या बाजीरावास १७२० सालीं शाहू छत्रपतींनीं पेशवाईचीं वस्त्रें दिलीं. १७२८ सालीं पालखेड येथें निजामास नमविणारा हा पराक्रमी पुरुषही छत्रपतींचा प्रधानच होता.

तात्पर्य, ज्यांचीं नांवें आपण गर्विष्ठांस चिकटवितों, ते नबाब, लाट व बाजीराव हे सर्व दुसऱ्याच्या वतीनें काम करणारे होते. त्यांची सत्ता ही त्यांच्याजवळ ठेविलेली ठेव होती. ठेवीस जो आपली मिळकत समजूं लागतो, त्याचीच भाषा थट्टा करिते.

ही भूल थट्टेवरच थांबत नाहीं. नाना फडणविसांच्या मर्जीमुळें घाशीराम यास १७७७ सालीं पुण्याची कोतवाली मिळाली. पुढें १७९१ सालीं तैलंगणांतून आलेल्या ब्राह्मण प्रवाशांस एका अरुंद जागेंत कोंडण्यांत आलें आणि त्यांतील अनेकजण गुदमरून मेले. शहर खवळलें, वरची मर्जी फिरली. ज्या शहरावर त्याचा वचक होता, त्याच शहरांतून त्याची धिंड निघाली आणि दगडांच्या माऱ्याखालीं त्याचा अंत झाला.

दुसऱ्यांचे दोष सांगणें सोपें आहे. म्हणून स्वतःचा एक सांगतों. वीस वर्षांपूर्वीं मी एका वसतिगृहाचा नवा व्यवस्थापक होतों. सायंकाळीं सात वाजतां फाटक बंद होई आणि किल्ली माझ्या खिशांत असे. एका पावसाळी सायंकाळीं पांचवींतला एक मुलगा गांवाहून अर्धा तास उशिरां पोंचला. ओढ्यास पूर आल्यामुळें एस. टी. वाटेंत अडकली होती. "नियम म्हणजे नियम," असें म्हणून मीं त्याला फाटकाबाहेर भिजत उभें ठेविलें. त्याच्या हातांतील भाकरींचें गाठोडें चिंब झालें. कांहीं वेळानें मीं फाटक उघडलें, तों स्वयंपाकघराच्या बाजूनें हलकेच शब्द आले, "लाटसाहेबांची मर्जी झाली!" मला इतका संताप आला, कीं बोलणारा कोण, याची चौकशी मीं तासभर केली. तो मुलगा जेवला कीं नाहीं, याची चौकशी मात्र केली नाहीं. पहाटे त्याला ताप भरला. त्याच्या कपाळावर हात ठेवितांना मला उमगलें, कीं तें फाटक त्याच मुलाच्या रक्षणाकरितां बांधलेलें होतें.

याचा अर्थ शिस्त नको, असा नव्हे. आळशी विद्यार्थी कर्तव्यदक्ष मॉनिटरासही बाजीराव म्हणतो; तेवढ्यानें तो बाजीराव ठरत नाहीं. परंतु हे शब्द बहुधा आपल्या पाठीमागें उच्चारले जातात, आणि ज्याला लागू पडतात त्याच्या कानीं ते सर्वांत शेवटीं येतात. म्हणून प्रत्येकानें आपली परीक्षा आपणच घ्यावी, हें बरें.

विद्यार्थीमित्रहो, आज तुमच्यापैकीं कोणी मॉनिटर आहे, कोणी संघाचा कप्तान आहे. उद्यां कोणी तहसीलदार, कोणी फौजदार, कोणी शिक्षक होईल. पालकांसही माझी एक विनंति आहे. मुलाच्या छातीवर अधिकाराची फीत लागली, म्हणजे पेढे अवश्य वाटावे, परंतु त्याच सायंकाळीं त्याला जवळ बसवून विचारावें, "बाळ, हा अधिकार तुला कोणीं दिला, आणि कोणासाठीं दिला?" हाच प्रश्न घरांतील वडीलधाऱ्यांनीं आणि शाळेंतील आम्हां शिक्षकांनींही अधूनमधून स्वतःस विचारावयास हरकत नाहीं.