दानाची खाट, हक्काची खाट

इंग्लंडमधील लीड्स शहरी नोकरीनिमित्त राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र काही महिन्यांपूर्वी आले. दर शनिवारी तो तेथील एका धर्मादाय संस्थेच्या मालमोटारीबरोबर जातो. ज्या घरांतील मुले जमिनीवर झोपतात त्या घरांना ही संस्था पलंग, गादी, उशी आणि पांघरूण पोचविते. घर सुचवावयाचे काम शाळेतील शिक्षिकांचे किंवा समाजसेवकांचे. पलंग जोडून देण्याचे काम स्वयंसेवकांचे. "सर, शेवटचा स्क्रू बसेपर्यंत मुले दाराशी उभी असतात, आणि तो बसला की गादी टाकण्याचीही वाट पाहत नाहीत," असे त्याने लिहिले होते. पत्राच्या शेवटी एक सूचना होती : आपल्या कार्यकर्त्यांनी मोर्चे आणि निवेदने यांत आयुष्य घालविण्यापेक्षा असे एखादे काम हाती घ्यावे, सरकारच्या तोंडाकडे किती दिवस पाहावयाचे?

हे पत्र मी आमच्या अभ्यासमंडळात वाचून दाखविले तेव्हा टाळ्या पडल्या. त्या पत्राच्या पूर्वार्धासाठी असतील तर मीही त्यांत सामील आहे. उत्तरार्धासाठी असतील तर त्या मला मान्य नाहीत.

प्रथम एका शंकेचा निकाल लावू. मंडळातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारले, "जमिनीवर झोपणे ही काय गरिबी झाली? आपण सगळे सतरंजीवरच वाढलो." प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर १७७६ सालीच ॲडम स्मिथने देऊन ठेवले आहे. तागाचा सदरा ही जगण्यासाठी आवश्यक वस्तू नव्हे, पण ज्या समाजात तो नसलेला मजूर चारचौघांत येण्यास लाजतो त्या समाजात ती गरजेचीच वस्तू होय, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये ब्रिटनच्या दारिद्र्यावरील आपल्या मोठ्या ग्रंथात हाच धागा पुढे नेला. शिवाय येथे केवळ लाजेचाही प्रश्न नाही. आपली सारवलेली किंवा शहाबादी जमीन वेगळी आणि जानेवारीतील लीड्सची ओलसर, उघडी, बुरशी धरणारी जमीन वेगळी. तेथील मूल जमिनीवर झोपते ते संस्कृती म्हणून नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये बार्नार्डो या जुन्या बालकल्याण संस्थेने अंदाज प्रसिद्ध केला की, ब्रिटनमध्ये दहा लाखांहून अधिक मुलांना स्वतःचा पलंग नाही. ती जमिनीवर झोपतात किंवा आईबापांच्या वा भावंडांच्या पलंगात दाटीने झोपतात. जगातील अत्यंत श्रीमंत देशांपैकी एका देशातील ही स्थिती आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. माझा विद्यार्थी तरुण आहे. ही मालमोटार तेथे नेहमीच धावत होती अशी त्याची समजूत दिसते. वस्तुस्थिती अशी की, चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी याच पलंगावर तेथील गरिबांचा कायदेशीर हक्क होता. पूरक साहाय्याच्या योजनेत १९८० च्या कायद्यानंतर एकरकमी अनुदानांचे नियम करण्यात आले आणि त्यांत आवश्यक गृहसामानाची यादीच देण्यात आली. ठराविक परिस्थितीतील कुटुंबाला पलंग आणि गाद्या यांसाठी पैसे देणे हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर नव्हते, नियमावर होते. नाकारले तर न्यायाधिकरणाकडे दाद मागता येत असे. गंमत अशी की, हे नियम केले ते थॅचरबाईंच्याच सरकारने. अधिकाऱ्यांचा स्वेच्छाधिकार कमी झाला की खर्च आटोक्यात येईल, असा त्यांचा हिशेब होता.

तो हिशेब चुकला, आणि तो कोणी चुकविला हे आपल्या कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वस्त्यावस्त्यांतून बसलेल्या हक्क-सल्लागारांनी आणि लाभार्थींच्या संघटनांनी लोकांना नियम वाचून दाखविले, अर्ज भरून दिले, अपिले लढविली. मागण्यांची संख्या काही वर्षांत कित्येक पटींनी वाढली. लोक कायदा वापरू लागले आहेत असे दिसताच हुजूर पक्षाने कायदाच बदलला. १९८६ च्या अधिनियमानुसार एप्रिल १९८८ मध्ये एकरकमी अनुदाने गेली आणि सामाजिक निधी नावाची व्यवस्था आली. तिच्यात पुष्कळशा गरजांसाठी आता कर्ज मिळावयाचे, व्याज नसलेले खरे, पण दर आठवड्याच्या तुटपुंज्या भत्त्यातून कापले जाणारे. थोडी अनुदाने राहिली, परंतु प्रत्येक स्थानिक कार्यालयाला वर्षाची रक्कम बांधून देण्यात आली. न्यायाधिकरणाकडील दादही गेली.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातील निर्णायक क्षण हाच आहे. हक्क म्हणजे काय? गरज सिद्ध झाली की पैसा आलाच पाहिजे. बांधीव रक्कम म्हणजे काय? पैसा असेल तोवर गरज मान्य. मार्चमधील मुलाला पलंग का नाही, तर जानेवारीतील मुलांनी तो संपविला म्हणून! अर्थशास्त्राच्या वर्गात ज्याला आपण अंदाजपत्रकीय शिस्त म्हणतो तिचे हे मानवी रूप. त्याच १९८८ साली लिव्हरपूल येथे गरिबांना गृहसामान पुरविणारे एक केंद्र उभे राहिले. ते पुढे देशातील या क्षेत्रातील एक मोठी संस्था झाले. मालमोटार रस्त्यावर आली ती या वेळी. राज्य एका दाराने बाहेर पडले आणि दान दुसऱ्या दाराने आत आले.

पुढची तेरा वर्षे, १९९७ ते २०१०, मजूर पक्ष सत्तेवर होता. त्याने सामाजिक निधीची मूळ रचना तशीच ठेवली. आपल्या घरातील माणसांची चूक आहे म्हणून ती झाकण्याचे कारण नाही. नंतर कॅमेरॉन आले, "मोठा समाज" ही त्यांची घोषणा आली आणि तिच्या मागोमाग काटकसरीची कुऱ्हाड. एप्रिल २०१३ मध्ये सामाजिक निधीतील ही अनुदानेही बंद झाली. स्कॉटलंड आणि वेल्स यांनी आपापले निधी उभारले. इंग्लंडमध्ये मात्र जबाबदारी स्थानिक परिषदांवर ढकलली गेली आणि हा पैसा याच कामी खर्च झाला पाहिजे असे बंधनही घातले गेले नाही. अनेक परिषदांनी योजना गुंडाळल्या.

आणि त्याच एप्रिल महिन्यात दुसरा एक नियम लागू झाला. सामाजिक गृहसंस्थेच्या घरात गरजेपेक्षा एक शयनगृह जास्त असेल तर घरभाड्याच्या साहाय्यात १४ टक्के कपात, दोन किंवा अधिक असतील तर २५ टक्के. दहा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी एका खोलीत, सोळा वर्षांखालील दोन भाऊ एका खोलीत, इतका काटेकोर हिशेब त्या नियमात आहे. एका खोलीत किती मुले मावतात हे त्या राज्याने मोजले. त्या खोलीत खाट आहे काय, हे विचारणारा नियम त्याने त्याच महिन्यात रद्द केला.

मधल्या पोकळीत केवळ दानच शिरले असे नाही. भाड्याने घ्या आणि हप्ते फेडून मालक व्हा, अशी दुकाने पेठापेठांत उघडली. ब्राइटहाउस ही त्यांतील सर्वांत मोठी साखळी. २०१७ मध्ये वित्तीय नियामकाच्या हस्तक्षेपाने तिला २ लाख ४९ हजार ग्राहकांना १ कोटी ४८ लाख पौंड परत द्यावे लागले. एप्रिल २०१९ पासून नियामकाने या धंद्यात मर्यादा घातली की, उधारीचा आकार वस्तूच्या किमतीहून अधिक असता कामा नये. म्हणजे दुप्पट किंमत ही सुधारणा ठरली! मार्च २०२० मध्ये ती कंपनी बुडाली. गरीब माणूस महाग खाटेवर झोपतो, किंवा फुकटच्या खाटेची वाट पाहतो.

"मग दान वाईट काय?" असे मला विचारले जाईल. नाही. आपल्यातील काही मंडळी दानाचे नाव काढताच नाक मुरडतात, 'मलमपट्टी' म्हणून मोकळी होतात आणि चहा मागवितात. आज रात्री जमिनीवर झोपणाऱ्या मुलाला समाजवादाच्या आगमनापर्यंत थांबा असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. माझा आक्षेप दानाला नाही, दानाला आदर्श व्यवस्था मानण्याला आहे. दान हे दात्याच्या कोठारात काय आहे यावर चालते. तेथे १९८८ च्याच अग्निसुरक्षा नियमांमुळे ज्या सोफ्यावरील चिठ्ठी निघून गेली आहे तो सोफा संस्थांना देता येत नाही. चांगल्या गाद्या जुन्या बाजारात क्वचितच मिळतात. आणि ज्या मुलाच्या शिक्षिकेच्या लक्षात आले त्याचेच घर यादीत येते. जे मूल वर्गात पेंगत नाही, जे हुशारीने लपविते, त्याचे काय?

हे त्या संस्थांनाही ठाऊक आहे, आणि त्यांतील शहाण्या संस्था ते उघड बोलतात. लिव्हरपूलच्याच त्या संस्थेने गृहसामानाच्या दारिद्र्याविरुद्ध मोहीम चालविली आहे. तिने दाखवून दिले की, सामाजिक गृहसंस्थांची जेमतेम २ टक्के घरे सामानासह भाड्याने दिली जातात. बाकीची रिकामी. इतकी रिकामी की जुन्या भाडेकरूचा चांगला गालिचासुद्धा उखडून फेकण्याची प्रथा आहे. सामानासह घर दिले तर त्या सामानाचा आकार भाड्याच्या साहाय्यातून मिळू शकतो, ही तरतूद आजच्या कायद्यात आहे. वापरावयास गृहसंस्था तयार नाहीत. वेल्सने २०२३ च्या आपल्या गृहमानकांत नव्या भाडेकरूला घर देताना जमिनीवर आच्छादन असलेच पाहिजे असे घातले. करावयाचे म्हटले तर होते.

आपल्याकडे आपण उलट्या दिशेने चाललो होतो, याचा विसर पडू नये. १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याची कामे सरकारी मेहेरबानी म्हणूनच सुरू झाली होती. वि. स. पागे यांची कल्पना आणि रस्त्यावर आलेले शेतमजूर यांच्या जोरावर १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि पंधरा दिवसांत काम न दिल्यास भत्ता देणे बंधनकारक झाले. मेहेरबानीचा हक्क झाला. २००५ मध्ये देशाने तो मार्ग घेतला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या केंद्रीय कायद्याच्या जागी नवा कायदा आणला. दिवस शंभराचे सव्वाशे झाले, पण मागणीप्रमाणे निधी देण्याऐवजी राज्यागणिक नियतव्यय ठरविण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला. १९८८ ची ब्रिटिश बांधीव रक्कम ज्यांना आठवते त्यांना हे यंत्र ओळखता येईल. ते दिवस किती वाढले हे पाहणार नाहीत, रक्कम कोणी बांधली हे पाहतील.

म्हणून अभ्यासमंडळातील तरुणांना माझे सांगणे असे की, जुने पलंग गोळा करावयाचे असतील तर जरूर करा, परंतु लोकांचे अर्ज भरून देण्याचे टेबल उचलून त्या जागी ते ठेवू नका. ब्रिटनमधील सरकारला मालमोटारीची भीती कधीच वाटली नव्हती. त्या टेबलाची वाटली.

विद्यार्थ्याला मी उत्तर लिहिले. शनिवार सोडू नकोस. पण पोच घेण्याच्या कागदाबरोबर एक वही ठेव. घर कोणाचे, ते रिकामे मिळाले काय, परिषदेकडे अर्ज केला होता काय आणि उत्तर काय आले, एवढे चार रकाने पुरेत. गेल्या आठवड्यात त्याने पहिल्या शनिवारची नोंद पाठविली. तीन घरे, तिन्ही सामाजिक गृहसंस्थांची, तिन्ही रिकामी मिळालेली. अर्ज एकीनेच केला होता. निधी संपल्याचे उत्तर होते. तिसऱ्या घरी गालिचा उखडल्यावर राहिलेल्या खिळ्यांच्या पट्ट्या भिंतीकडेने तशाच होत्या. पलंग जोडण्याआधी दोघांनी गुडघ्यांवर बसून त्या काढल्या, आणि त्यासाठी पाचवा रकाना आखला.