अर्थशास्त्राचे उत्तर आणि दुकानातील शंका

कापडदुकानात वाढलेल्या मुलाला मागणीचा नियम खोटा वाटतो. लग्नसराईत साड्यांचे भाव चढतात, तरी गिऱ्हाईक वाढतेच. मग किंमत वाढल्यास मागणी घटते, हे कसे? ही शंका मनात दाबून पाठ केलेले उतरवणारा विद्यार्थी बारावीच्या परीक्षेत मध्यम गुणांवर थांबतो. शंका सोडवून लिहिणारा पुढे जातो.

आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० सालच्या ग्रंथाने रूढ केलेला हा नियम ‘इतर परिस्थिती कायम असताना’ या अटीवर उभा आहे. लग्नसराईत ती अटच मोडते. केवळ किमतीमुळे मागणी कमी-अधिक झाली, तर ग्राहक त्याच वक्रावर सरकतो. ते मागणीतील विचलन. उत्पन्न, आवड वा हंगाम यांमुळे झाली, तर वक्रच जागा सोडतो. तो मागणीतील बदल. साड्यांचा वक्र उजवीकडे सरकला, नियम अबाधित राहिला.

दीर्घोत्तरात क्रम राखावा : विधान, गृहीतके, कोष्टक, आकृती, शेवटी अपवाद. य-अक्षावर किंमत, क्ष-अक्षावर नगसंख्या लिहावी. अक्षांना नावे नसलेली आकृती म्हणजे खातेदाराचे नाव नसलेली खतावणी. आकृतीखाली तिचा अर्थ दोन वाक्यांत द्यावा.

पालकांनी सायंकाळी गल्ल्याजवळ बसलेल्या मुलाला एवढेच विचारावे : आजची विक्री वाढली ती भाव उतरल्याने, की हंगामामुळे? त्याला हे कारणासह सांगता आले, तर प्रकरण पाठ करण्याची वेळ येत नाही.