दाताळं आणि कालवं

कालवांची तुलना बागेतल्या दाताळ्याशी करणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात मात्र नेमकी तीच तुलना करायला हवी होती. ती वेळेवर झाली नाही.

तिथलं जुनं औजार म्हणजे लांब दांड्यांची दोन दाताळी, एका खिळीवर जोडलेली. होडीत उभं राहून तळ चाचपायचा, दातांत येतील तेवढी कालवं वर घ्यायची. दांडा पोचेल तिथवरच माणसाचा हात. खोल पाण्यातली कालवं आपसूक वाचत.

मग तळ खरवडत ओढायचं ड्रेज आलं. मेरीलँड राज्याने १८६५ मध्ये त्याला परवाना दिला, फक्त शिडाच्या होड्यांना. १८८४-८५ च्या हंगामात तिथून सुमारे दीड कोटी बुशेल कालवं निघाली. पुढे उतरणच लागली. १९६७ मध्ये आणखी सवलत मिळाली. होडीत इंजिन नको. पण मागून इंजिनवाल्या छोट्या होडीने ढकललं तर चालेल. आठवड्यातून दोन दिवस.

या नियमाला हसणं सोपं आहे. पण वाद कशाचा होता ते पाहा. दाताळं बरं की ड्रेज? शीड बरं की इंजिन? शंभर वर्षं औजाराची तुलना औजाराशीच होत राहिली. त्यात कालव हा पक्षकारच नव्हता.

त्याची बाजू साधी होती. विकण्याजोगं, म्हणजे तीन इंचांचं व्हायला त्याला साधारण तीन वर्षं लागतात. त्याचं पिल्लू चिखलात तगत नाही. त्याला टेकायला कठीण जागा लागते, आणि ती बहुतेक आधीच्या कालवांच्या शिंपल्यांचीच असते. ते खरवडून नेले की पिकाबरोबर शेतही गेलं.

विसाव्या शतकात रोगांनीही घाला घातला, हे खरं. पण रोग आले तेव्हा कालवं आधीच विरळ झाली होती. आज ती मूळच्या एक-दोन टक्क्यांवर आहेत.

नवं औजार जुन्याच्या किती पट माल काढतं, हे विकणारा सांगतोच. सरकारने त्याचीच री ओढायची गरज नाही. जिथून काढायचं तिथे ते पुन्हा किती वर्षांत भरतं, हे परवाना देणाऱ्याने विचारायचं असतं. ते न विचारता दिलेला परवाना म्हणजे नियमन नव्हे. ती लुटीची पावती.