कासची फुलं आणि आपले पाय

सप्टेंबर आला की 'कासला कधी जायचं?' हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी सुरू होतो. तुमच्याकडेही होत असेलच! प्रश्न चुकीचा नाही. पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा, असं मला हल्ली फार वाटतं. आपण गेल्यामुळे तिथे काय होतं?

कासचं पठार म्हणजे जांभ्याचा कातळ आणि त्यावर जेमतेम काही बोटं माती. इतक्या कमी मातीत मोठी झाडं तगत नाहीत, म्हणून तर या इवल्या फुलांना जागा मिळते. सीतेची आसवं ही वनस्पती किडे पकडून खाते, कारण मातीत पोषणच नाही. यातली बरीचशी फुलझाडं एका पावसाळ्याची धनी. उगवायचं, फुलायचं, बी सांडायचं आणि संपायचं. म्हणजे ऐन सप्टेंबरात फुलावर पाय पडला, तर नुसतं फूल जात नाही, पुढच्या वर्षीचं बीसुद्धा जातं. आणि फोटोसाठी आपण नेमके तिथेच बसतो!

२०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा ठरल्या, त्यात कासही होतं. गर्दी त्याआधीपासून होतीच, मग ती आणखी वाढली. पुढे दिवसाला ३००० माणसांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी, प्रवेशशुल्क हे सगळं आलं. 'फुलं बघायला कसले पैसे?' अशी कुरकुर मी अनेकदा ऐकली आहे. मला ते पैसे अजिबात खुपत नाहीत. आसपासच्या गावांतली मुलं तिथे राखण करतात, माहिती देतात. फुलं टिकली तर त्यांचा हंगाम टिकतो. याहून चांगला पहारेकरी कुठला मिळणार?

कुंपणाची गोष्ट मात्र वेगळी. गर्दी आवरायला तारेचं कुंपण घातलं, आणि माणसांबरोबर गुरंही बाहेर राहिली. गुरं चरायची थांबल्यामुळे गवत माजलं आणि फुलं कमी झाली, असं गावकरी आणि काही अभ्यासकही सांगू लागले. शेवटी ते कुंपण काढावं लागलं. म्हणजे उपद्रव आपला आणि शिक्षा म्हशींना!

खरी भीती पठारावर नाही, पठाराभोवती आहे. याच डोंगररांगेत चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला. तिथल्या लोकांनी आपली गावं सोडली. आणि त्याच सातारा जिल्ह्यात २०१९ पासून २३५ गावांच्या 'नवीन महाबळेश्वर'ची आखणी चालू झाली. जंगलासाठी शेतकऱ्याने घर सोडायचं आणि शेजारच्या डोंगरावर आपण हॉटेलं बांधायची, हा कुठला न्याय?

गावाला रोजगार हवा, हे मान्यच. पण तो गावकऱ्याच्या ओसरीवरच्या पिठलं-भाकरीतून, त्याच्याच घरातल्या मुक्कामातून यावा. बाहेरच्याने जमीन घेऊन रिसॉर्ट बांधलं, की तोच गावकरी स्वतःच्या शेतात रखवालदार होतो.

असो. कासला जाऊच नका, असं मी म्हणत नाही. आठवड्याच्या मधल्या वारी जा, पायवाट सोडू नका, जेवण गावातच घ्या. आणि ते जमणार नसेल तर मंडळी, एखादं वर्ष फुलांना तुमच्याशिवाय फुलू द्या.