मोजमापाचे दप्तर

दिवाळी अंकाच्या संपादकाने पहिल्या पानावर दीपोत्सवाविषयी चार प्रसन्न शब्द लिहावेत आणि वाचकाला कथा-कवितांच्या हवाली करून आपण बाजूला व्हावे, हा आमच्या व्यवसायातील जुना शिरस्ता आहे. यंदा तो मोडून आम्ही वाचकांना पुण्याच्या नैर्ऋत्येस, खडकवासल्याच्या धरणाखाली नेत आहोत. कारण देशात अभियांत्रिकी संशोधनाचे सामर्थ्य कसे उभे राहते, या प्रश्नाची चर्चा सध्या कोटींच्या आकड्यांत गुरफटली असून, तिला लागणारा पुरावा या परिसरात सुमारे शंभर वर्षे साठत आलेला आहे.

१९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी एक खास विभाग काढला, त्यामागे विज्ञानसेवेचा उदात्त हेतू वगैरे फारसा नव्हता. दख्खनच्या दुष्काळी मुलुखात कालवे आले, नीरेच्या काठी ऊस उभा राहिला आणि थोड्याच वर्षांत त्या काळ्याभोर जमिनी पाणथळ होऊन चोपण बनू लागल्या. ज्या पाण्याने दुष्काळ हटवावयाचा तेच पाणी जमीन नासवू लागले, तेव्हा महसुलाच्या काळजीने का होईना, सरकारी खात्याला जमिनीखालचे पाणी मोजणे भाग पडले. विलायती ग्रंथांतून याचे उत्तर मिळण्यासारखे नव्हते, कारण प्रश्नच विलायतेचा नव्हता. पुढे गाळ, बंधारे, नद्यांची बदलती पात्रे अशी प्रकरणे या विभागाकडे येत गेली, १९२५ च्या सुमारास त्याने खडकवासल्यास बस्तान हलविले (धरणाचे पाणी नुसत्या उताराने प्रयोगांस मिळते, ही तेथील मोठी सोय), आणि क्लॉड इंग्लिस या अभियंत्याच्या देखरेखीखाली तेथे नद्यांच्या वर्तनाचे शास्त्र आकारास आले. हाच इंग्लिस हिंदुस्थानातील नोकरी संपल्यावर १९४७ मध्ये ब्रिटनच्या नव्या जलसंशोधन संस्थेचा पहिला संचालक झाला. राज्यकर्त्यांच्या देशाने मुठेकाठी कमावलेली विद्या अशी घरी न्यावी, ही गोष्ट शाळेत आम्हांस कोणी सांगितली नव्हती.

नदीची प्रतिकृती कशी उभारतात, हे वाचकाने एकवार समजून घ्यावे. पात्राचे आडवे छेद पत्र्यावर कापून ते ठरल्या अंतराने उभे करावयाचे, मधली जागा वाळूने भरावयाची आणि वर सिमेंटचा गिलावा द्यावयाचा. एकास शंभर या प्रमाणात मिस्त्रीची थापी एक मिलिमीटर चुकली, तर नदीचा तळ दहा सेंटिमीटरने चुकला. लांबी शंभरपट घटविली की वेग आणि काळ दहापटच घटतात, विसर्ग मात्र एक लक्षपट घटतो. म्हणून दहा लक्ष क्युसेकचा महापूर तेथे दहा क्युसेकमध्ये आणता येतो आणि पुराचा अख्खा दिवस दोन तास चोवीस मिनिटांत सरतो. येथवर गणित साथ देते. परंतु वाळू शंभरपट बारीक केली तर ती वाळू राहातच नाही, तिचा चिखल होऊन कण एकमेकांस चिकटतात. तेव्हा तिच्याऐवजी कोळशाची भुकटी घ्यावी की आणखी कोणता हलका भुगा, उभ्या प्रमाणाला किती ताण द्यावा आणि प्रतिकृतीने दाखविलेल्यापैकी कशावर विश्वास ठेवावा, याचा निवाडा ज्याने अनेक पावसाळे प्रतिकृती आणि प्रत्यक्ष नदी यांची गाठ घालून पाहिली तोच करू शकतो. हे ज्ञान पुस्तकात थोडे आणि माणसात फार असते. आणि आमच्या खात्यांत माणूस बदलीच्या एका हुकमासरशी निघून जातो.

कोयना धरणाचे उदाहरण याहून बोलके आहे. १९६२ पासून शिवसागर जलाशयात पाणी साठू लागले, त्यानंतर परिसरात हादरे जाणवू लागले, आणि तेथे भूकंपमापनाची केंद्रे बसविली गेली. जमीन थोडी हलते म्हणून डोंगरात यंत्रे बसवून रोज त्यांची नोंद काढणारी माणसे तैनात करावयाची, हा खर्च त्या वेळी एखाद्या हिशेबतपासनिसास चैनीचा वाटला असता तर त्यात नवल नव्हते. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ६.३ प्रतीचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसे दगावली, आणि १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाच्या उंच खंडांस, मागील बाजूचा उतार जेथे एकाएकी बदलतो तेथे, तडे गेले. धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा आडवा भार वजनाच्या अवघा पाच टक्के धरलेला होता. गॅलरीत बसविलेल्या त्वरणलेखकाने त्या पहाटे गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याच्या आसपासचा आडवा हादरा टिपला. काँक्रीटचे धरण प्रत्यक्ष तडकत असताना त्याच्याच अंगात घेतलेली ही नोंद जगभरच्या अभ्यासकांनी पुढे आपल्या गणितांची कसोटी म्हणून वापरली, १९७० मध्ये आपल्या भूकंपविषयक मानकात कोयनेच्या प्रदेशाची प्रतवारी वाढविण्यात आली, आणि धरणास मागून टेकू देऊन ते बळकट केले गेले. यंत्र भूकंपानंतर आणले असते, तर यातील किती गोष्टी घडल्या असत्या?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासला फुटले आणि पुणे बुडाले. पानशेतच्या मोरीचे काम अपुरे असताना जलाशय भरू दिला गेला होता. ज्या देशात एका धरणाच्या पायथ्याशी नद्यांचे शास्त्र घडत होते, त्याच देशात, त्याच खोऱ्यात हे घडले. बांधकामाची मुदत जेथे ठरते त्या मेजाशी मोजणाऱ्या माणसाला खुर्ची आणि नकाराचा अधिकार नसेल, तर प्रयोगशाळेचे अहवाल दप्तरी दाखल होतात, इतकेच.

पैसा लागत नाही, असे आमचे म्हणणे नाही. देशांतर्गत सकल उत्पादनाच्या ०.६४ टक्के इतकाच खर्च संशोधनावर करणाऱ्या देशास तसे म्हणणे शोभणारही नाही, आणि २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत पन्नास हजार कोटींचा जो संकल्प सोडला गेला, त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु मार्चअखेर न खर्चलेली रक्कम परत जाते म्हणून घाईने मागविलेले यंत्र आणि ते चालविणाऱ्या तंत्रज्ञाची वर्षानुवर्षे रिक्त राहिलेली जागा, हे जोडपे आपल्या संस्थांत फार ओळखीचे आहे. याउलट रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उटीस अक्षांशाइतकाच, अकरा अंशांचा, उतार असलेली टेकडी शोधून तिच्यावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभी केली. पुढे नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभारताना पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी ताणून खर्च आटोक्यात ठेवला. एकाच माणसाच्या हाताखाली तीच मंडळी दीर्घकाळ एका प्रश्नापाशी टिकली, म्हणून हे साधले. अशा टिकण्यासाठी अंदाजपत्रकात कोणते शीर्षक आहे, हे वित्तखात्याने एकदा सांगावे.

कथा, कविता, व्यंगचित्रे या अंकात नेहमीप्रमाणे आहेतच. त्यांच्या जोडीला पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या काही अभियंत्यांच्या आठवणी आम्ही मागविल्या होत्या. ‘आमच्यापाशी लिहिण्यासारखे काय असणार’ असे प्रथम बहुतेकांनी कळविले आणि मग कोष्टकांनी भरलेली जाडजूड बाडे पाठविली. ती कोष्टके कोणी वाचणार नाही, असे मुद्रकाचे मत पडले. आम्ही त्यांतील निवडक जशीच्या तशी छापली आहेत, आणि एका तक्त्यातील दोन आकडे परस्परांशी जुळत नाहीत, तेथे लेखकाच्या इच्छेवरून दोन्ही कायम ठेवले आहेत.