वरून हिरवे, खाली लव्हाळा



चाकण भागात कारखान्यांच्या मधून मधून कांद्याचे तुकडे उरले आहेत. खुरपायला बाई मिळणे मुश्कील, कारण सगळी मजुरी कंपनीकडे वळली. अशा वेळी ड्रोनने किंवा उपग्रहाने पिकाचा नकाशा काढून देतो, असे कोणी म्हणाले तर जरूर घ्या. पण तो वाचायचा कसा, हे आधी समजून घ्या.

हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. पीक जोमात असेल तर हा फरक मोठा, सुकू लागले की कमी. त्यावरूनच नकाशात रंग भरतात. आपल्या देशात ही युक्ती १९७० साली केरळात नारळाचा मर रोग हुडकण्यासाठी वापरली गेली. डॉ. पिशारोटी यांच्या पुढाकाराने हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर फोटो घेतले होते.

आता सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे फुकट मिळतात. त्यांचा एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. दहा गुंठ्यांच्या तुकड्याचे ठिपके अवघे दहा, त्यातही कडेच्या ठिपक्यांत बांध आणि शेजारच्या शेडचा पत्रा मिसळलेला! पावसाळ्यात ढग आले की तेही दिसत नाही.

कांद्याची गोष्ट आणखी निराळी. पात बारीक आणि उभी, मधली माती उघडी. म्हणून चांगला कांदाही वरून फिकट दिसतो. तणाने भरलेला वाफा मात्र गर्द हिरवा. नकाशा म्हणतो पीक झकास, आणि खाली लव्हाळा, हरळी, घोळ तुमचे खत खात असतात. कांद्याची मुळे वरच्या थरातच राहतात, त्यामुळे तणापुढे त्याचा निभाव लागत नाही. घरातली बाई वाफ्यात वाकली की तिला हे लगेच कळते, उपग्रहाला नाही. खालून उडणाऱ्या ड्रोनच्या फोटोत पानाचा आकार दिसतो, पण पात दाट होण्याआधी फोटो घेतला तरच.

म्हणून नकाशातली सर्वांत गर्द आणि सर्वांत फिकट जागा, दोन्ही पायी जाऊन पाहा. फिकट जागी पाणी तुंबले आहे का, करपा किंवा फुलकिडे आहेत का, ते तपासा. गर्द जागी तण निघाले तर मिळेल तेवढी माणसे आधी तिथेच लावा, आणि तेही लागवडीनंतर दीड महिन्याच्या आत. तणनाशकाची मात्रा दुकानात विचारण्यापेक्षा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयात विचारा. ड्रोनवाल्याकडे चालकाचा परवाना आहे ना, तेही बघून घ्या. लोहगावचा विमानतळ काही फार लांब नाही.