देणगी आणि देणं

२०२५च्या जानेवारीअखेरीस मला दोन ओळींची मेल आली. हातातलं काम आहे तिथे थांबवा, पुढची सूचना येईपर्यंत काही करू नका. काम होतं एका घडीपत्रिकेच्या मराठी अनुवादाचं. एचआयव्हीची औषधं रोज घ्यावी लागणाऱ्यांसाठीची ती चार पानं. मी थांबले ते ‘गोळी चुकली तर काय करावं?’ या मथळ्यावर. उत्तर इंग्रजीत समोर होतं, मराठीत यायचं राहिलं.

अनुवादकाला रद्द झालेल्या कामांची सवय असते, बुडालेल्या बिलांचीही. तक्रार त्याची नाही. पत्रिकेत गृहीत धरलं होतं की गोळी चुकली तर ती रुग्णाच्या विसराळूपणामुळे चुकेल. गोळी देणाराच एका सहीनिशी हात आखडता घेईल, ही शक्यता तिच्यात कुठेच नव्हती.

ती सही २० जानेवारीची. त्या दिवशी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी गोठवली. चार दिवसांत जगभर ‘काम थांबवा’चे आदेश गेले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला इलॉन मस्क यांनी जाहीर केलं की शनिवार-रविवार आम्ही ‘यूएसएड’ला लाकडाचा भुगा करणाऱ्या यंत्रात घालण्यात घालवला. १० मार्चला परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो यांनी ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं सांगितलं, आणि १ जुलैला ती संस्था स्वतंत्र संस्था म्हणून संपली. ब्रिटनने फेब्रुवारीतच आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं, संरक्षणखर्च वाढवण्यासाठी. याच ब्रिटनने २०१५ साली ०.७ टक्के मदतीचा कायदा केला होता.

यावर जो वाद झाला तो मी अनुवादकाच्या कानांनी ऐकला. मदत तोडणारे आणि मदतीची बाजू घेणारे एकमेकांवर तुटून पडत होते, पण दोघांची भाषा एकच होती. दोघंही मदतीला ‘देणगी’ म्हणत होते. एकाच्या मते ती वाया जाणारी, दुसऱ्याच्या मते फायद्याची. ते ‘देणं’ असू शकतं, हे कुणाच्याच वाक्यात नव्हतं. मराठीत या दोन शब्दांचा धातू एक, पण व्यवहार उलटा आहे. देणगी देणारा मोठा असतो आणि मनात येईल तेव्हा थांबू शकतो. देणं असणारा बांधलेला असतो.

आधी तोडणाऱ्यांचं बघू. ते म्हणतात, पैसा वाया जातो. गाझात पाच कोटी डॉलरचे कंडोम पाठवले जाणार होते, हे व्हाइट हाउसच्या प्रवक्त्यांनी भर पत्रकार परिषदेत सांगितलं. ते खोटं होतं. अमेरिकन नागरिकांना विचारलं की सरकारी खर्चातला किती भाग परदेशी मदतीवर जातो, तर सरासरी उत्तर चौथ्या हिश्श्याच्या आसपास येतं. प्रत्यक्षात तो एक टक्क्याच्या जवळपास आहे. उधळपट्टी थांबवण्याच्या याच वर्षात दुबईच्या गोदामात मुदत संपलेली सुमारे ५०० टन पौष्टिक बिस्किटं जाळून टाकायची वेळ आली. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातल्या मुलांसाठी ती घेतलेली होती. घेताना पैसे गेले, जाळतानाही गेले. याला काटकसर म्हणणाऱ्याने आधी काटकसर या शब्दाची माफी मागावी.

पण तोडणाऱ्यांची सगळीच टीका खोटी नाही, आणि आपल्या बाजूचे लोक तिथे डोळे मिटतात. हैतीत २०१०च्या भूकंपानंतर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतून कॉलरा पसरला. सुमारे दहा हजार माणसं मेली. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना माफी मागायला डिसेंबर २०१६ उजाडावं लागलं. त्याच वर्षी इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या देणगीदारांनी कबूल केलं होतं की २०२०पर्यंत मदतीचा चौथा हिस्सा शक्य तितका थेट स्थानिक संस्थांच्या हाती देऊ. मुदत उलटून गेली, तरी थेट मिळणारा वाटा जेमतेम काही टक्क्यांतच राहिला. अमेरिकेची अन्नमदत तर दीर्घकाळ अमेरिकन शेतकऱ्यांकडून घेतलेली आणि कायद्यानेच निम्मी तरी अमेरिकन जहाजांतून नेलेली. म्हणजे भुकेल्यापर्यंत घास पोहोचण्याआधी देणाऱ्याच्या घरची पंगत उठायची.

हे सगळं खरं धरलं तरी त्यातून काय सिद्ध होतं? मस्टरवर खोटी नावं सापडली तर मस्टर तपासायचं असतं. काम बंद करून खऱ्या मजुराला हाकलायचं नसतं. आणि ही मदत चालते कशी, याचं उत्तरही त्याच अमेरिकेच्या खात्यात आहे. २००३ साली रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सुरू केलेल्या ‘पेपफार’ या एड्सविरोधी कार्यक्रमाने अडीच कोटींहून अधिक जीव वाचवले, असं तिथलं परराष्ट्र खातंच सांगत आलं आहे. ‘लॅन्सेट’मध्ये २०२५च्या मध्यावर आलेल्या अभ्यासाने अंदाज बांधला की अमेरिकेची ही कपात अशीच राहिली तर २०३०पर्यंत १.४ कोटी जादा मृत्यू होतील. हा गणिती अंदाज आहे, मोजलेला आकडा नव्हे. तो निम्म्याने चुकला असं धरा आणि मग उरलेल्या निम्म्याचं काय करायचं ते सांगा.

आता मदतीची बाजू घेणारे. माझा खरा राग यांच्यावर आहे, कारण ही माझी माणसं. कपात जाहीर झाल्यावर त्यांनी काय युक्तिवाद केला? मदत ही अमेरिकेची ‘सॉफ्ट पॉवर’ आहे. आपण हटलो की चीन ती जागा घेईल. रोगराई तिथेच रोखली तर ती आपल्या दारात येणार नाही. प्रत्येक डॉलरची परतफेड होते. हे सगळं तोडणाऱ्यांना पटावं म्हणून, त्यांच्याच भाषेत. पण हिताच्या भाषेत बांधलेली गोष्ट हिताच्याच भाषेत मोडता येते. ब्रिटनने नेमकं तेच केलं: मदत सुरक्षेसाठीच होती ना, मग तोच पैसा थेट सैन्याला देऊ. विकासखात्याच्या मंत्री अ‍ॅनेलीस डॉड्स यांनी राजीनामा दिला, आणि खिंड लढवायला शब्दच शिल्लक नव्हते. ते आधीच समोरच्याच्या स्वाधीन करून झाले होते.

आपण या वादात बाहेरून बघणारे नाही. महाराष्ट्राने देणगी आणि देणं या दोन्हींची चव घेतली आहे, तीही एकाच दुष्काळात.

माझं आजोळ बीड जिल्ह्यातलं. ७२च्या दुष्काळाबद्दल आजी दोन गोष्टी सांगायची आणि दोन्ही सांगताना तिचा आवाज वेगवेगळा असायचा. पहिली गोष्ट मिलोची, अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीची. “तिकडं जनावरांला घालत्यात म्हणं ती,” असं सांगताना ती आवाज खाली आणायची, जणू आपलंच काही चुकलं होतं. भाकरी खाल्ली, जगलो, पण आठवण लाजेची. दुसरी गोष्ट खडी फोडण्याची. ती सांगताना आजी ताठ बसायची. कामावरच्या बाया मिळून तहसीलवर कशा गेल्या, पगार अडकला तेव्हा मुकादमाला कसा धरला, हे तिला नावानिशी पाठ होतं. “ते फुकट नव्हतं. आमचं होतं ते,” असं म्हणायची.

मिलो आणि खडी, दोन्हींमुळे माणसं जगली. ‘परिणामकारकता’ मोजायला येणाऱ्या तज्ज्ञाला दोन्हींत फरक दिसला नसता. फरक पुढे दिसला. त्या दुष्काळात एका टप्प्यावर सुमारे पन्नास लाख माणसं सरकारी कामांवर होती. त्यांनी मोर्चे काढले, संप केले. वि. स. पागे यांनी मांडलेल्या आणि तासगावात आधी करून पाहिलेल्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, नाही तर भत्ता. पैसा कुठून? इतर करांबरोबर शहरातल्या पगारदारांकडून घेतलेल्या व्यवसाय करातून. आजही आपल्या पगारपत्रकात ती किरकोळ वजावट दिसते. मुंबईच्या कारकुनाने बीडच्या मजूरबाईवर उपकार केले नाहीत. त्याचं ते देणं होतं, आणि ते वसूल करायला कायदा होता. या योजनेतही भ्रष्टाचार झाला, खोटी मस्टरं भरली गेली. पण काम मागणारीला भांडायला पायरी होती. मिलो येणं बंद झालं असतं तर ती कुणाच्या दारात जाणार होती?

मिलोआधीच्या गव्हाचं उदाहरणही घ्या. १९५४च्या पीएल ४८० कायद्याखाली आलेला गहू आपण रुपये मोजून घेत होतो. १९६५-६६च्या दुष्काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तो मुद्दाम थोडा थोडा सोडला. व्हिएतनामवरची भारताची टीका त्यांना रुचत नव्हती, आणि शेतीधोरणही आपल्याकडून बदलून हवं होतं. आणि ते रुपये? त्यांतल्या काहींतून १९६२पासून अमेरिकन ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतली पुस्तकं घेतली गेली, मराठीही. माझ्यासारखीला एखादं जुनं मराठी पुस्तक पुण्यात सापडत नाही आणि अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या सूचीत सापडतं, ते त्या गव्हाच्या पैशामुळे. तक्रार नाही, मी त्या कपाटांची ऋणी आहे. पण मदत एकाच दिशेने वाहते, हा हिशेब मला कुणी सांगू नये.

‘मग बरंच झालं, आपण स्वाभिमानी देश’, असं म्हणणारे आपल्याकडे भरपूर आहेत. २००४च्या त्सुनामीत आपण परदेशी सरकारांची मदत नाकारली, २०१८च्या केरळच्या पुरातही. नाकारणारे दिल्लीत कोरडे होते, हे सोडून देऊ. पण २०२५च्या फेब्रुवारीत आपल्या वाहिन्या कशावर ओरडत होत्या आठवतं? भारतातल्या मतदानासाठी म्हणे २.१ कोटी डॉलर आले. पुढे अमेरिकन दूतावासानेच सांगितलं की असा पैसा दिलेलाच नाही. त्याच सुमारास हैदराबाद, कल्याण आणि पुणे इथली ‘मित्र’ क्लिनिकं बंद पडली. तृतीयपंथी रुग्णांसाठी २०२१पासून सुरू झालेली, अमेरिकन पैशावर चालणारी ही क्लिनिकं. जिथे नाव विचारताना कुणी हसत नाही, अशी ती जागा. न आलेल्या पैशावर चर्चा झडली. खरोखर थांबलेल्या पैशाची बातमी आतल्या पानावर राहिली. ज्यांना स्वाभिमान आहे त्यांनी दुसऱ्या दिवशी ते दार स्वतःच्या तिजोरीतून उघडायला हवं होतं. उलट आपण २०२०च्या दुरुस्तीने परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीला देण्यावरच बंदी घातली. गावातल्या ज्या लहान संस्थेला दिल्लीचं खातं आणि इंग्रजी अहवाल जमत नाही, तिची नळी आपणच आवळली. इस्तंबूलच्या वचनभंगाला हसायचा अधिकार आपल्याला नाही.

देणं कसलं, असा प्रश्न येईल. साम्राज्याच्या लुटीचा हिशेब मी इथे काढत नाही. दोन साध्या गोष्टी पुरेत. १९७०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ०.७ टक्क्यांचं लक्ष्य ठरवलं. ते नियमाने पाळणारे श्रीमंत देश आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ही थकबाकी आहे. दुसरी गोष्ट अधिक जवळची. ज्या आजारावर जन्मभर रोज गोळी घ्यावी लागते त्या आजाराच्या माणसाला तुम्ही पहिली गोळी दिलीत, तेव्हाच दुसरीचं देणं तुमच्यावर चढलं. थांबायचं असेल तर थांबा. सूचना द्या, वर्षं द्या, भार त्या देशाच्या सरकारवर टप्प्याटप्प्याने टाका. २००१ साली आफ्रिकी देशांनीही अबुजात वचन दिलं होतं, अर्थसंकल्पाचे १५ टक्के आरोग्याला देण्याचं. बहुतेकांनी पाळलं नाही. त्यांनाही जाब विचारा. पण ही सगळी देणेकऱ्यांची आपसातली बोलणी आहेत. ती होईपर्यंत रुग्णाची गोळी चुकता कामा नये.

शेवटी माझ्या धंद्यातला एक शब्द. ‘बेनिफिशियरी’ला आपण मराठीत ‘लाभार्थी’ म्हणतो. लाभाचा अर्थी, म्हणजे मागायला आलेला. पंचवीसेक अहवालांत मी हा शब्द निमूट लिहिला. मागच्या वर्षी एका दुसऱ्या संस्थेच्या अहवालात मी त्याजागी ‘हक्कदार’ लिहिलं. मसुदा परत आला, शब्दाखाली लाल रेघ: देणगीदारांना हा शब्द चालणार नाही. मी पुन्हा तोच लिहून पाठवला. अजून उत्तर नाही. बिलही अडलेलं आहे.